लादी

तळेकोंडच्या पुलावर गाडी अडकली
की मी घड्याळ बघत नसे.
मागच्या फाळक्याखालून पाणी गळायचं.
थेंब थेंब, तर तासभर झाला.
धार लागली, तर म्हाकूल गेलं.
आणि पाण्याला वास आला की
इंजिन बंद करून खाली उतरायचं,
घाई करण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

पूल एका गाडीचा. साहेबाच्या काळचा.
समोरून एस्टी शिरली की इकडून ट्रक,
दोघेही मानी, मागे कोण घेणार?
मे महिन्यात रांग थेट चिरेखाणीपर्यंत.
पनवेलचा व्यापारी कल्ले उघडून बघायचा,
सुरमईच्या डोळ्यावर बोट दाबायचा
आणि माझ्याकडे न बघता
किलोमागे चाळीस रुपये कापायचा.

त्याच रांगेवर हमीदाबी परकारचं घर चालायचं.
चार बांबू, निळं प्लास्टिक,
उकडलेल्या शेंगा, कोकमाचं सरबत.
बर्फाच्या फॅक्टरीतून निघताना
तिच्यासाठी एक लादी वेगळी,
भाताच्या तुसात, गोणपाटात गुंडाळून
केबिनमध्ये माझ्या पायाशी.
मासळीच्या बर्फाला शिवायची नाही, हा तिचा दम.
पैसे घेणार नाही, हा माझा.
ती टोच्याने लादी फोडायची
आणि अडकलेली माणसं सरकारला शिव्या देता देता
ग्लास पुढे करायची.

मग मोजणीवाले आले. झाडांवर आकडे पडले.
आमच्या फणसाला एकशे चौदा.
मोबदल्याचे भावाभावांत इतके हिस्से झाले
की माझ्या वाट्याला टेम्पोचे चार टायर आले.
आनंदाने बसवले. खोटं का बोला?
तीन पावसाळे डोंगर रस्त्यावर उतरत राहिला,
लाल, पातळ,
चाकं रुतली की बायका मुलांना कडेवर घेऊन चालत निघायच्या.
चौथ्या वर्षी फीत कापली.

आता मी वरून जातो.
ऐंशीच्या वेगात तळेकोंड म्हणजे
हिरव्या पाटीवरचा एक बाण.
पनवेलला पोचतो तेव्हा बर्फाच्या कडा हाताला लागतात.
व्यापारी कल्ले उघडतो, काही बोलत नाही.
तो गप्प बसला की भाव बरा असतो.

परवा फॅक्टरीतला नवा पोऱ्या,
जुन्या वहीत बघून,
वेगळी लादी ठेवून गेला.
पायाला गार लागलं तेव्हा कळलं.
फाटा मागे गेला होता.
सात किलोमीटर पुढे जाऊन वळलो.

जुना रस्ता रिकामा. पुलावर एकटी म्हैस,
हॉर्न न वाजवता बाजूला झाली.
निळं प्लास्टिक होतं. ती होती.
म्हणालो, वाईट झालं तुमचं.
कसलं वाईट, म्हणाली,
रस्त्याच्या अर्जावर पहिली सही माझी आहे.
शफीचे अब्बा याच पुलावर होते, अँब्युलन्समध्ये,
पावणेदोन तास.
मी पुढे चालत जाऊन एकेका गाडीला हात जोडत होते.
मे महिना होता.
तू होतास का रे त्या रांगेत?

मी आठवून बघितलं.
असेन.

टोलजवळ गाळे निघालेत, म्हणाली,
डिपॉझिट ऐकलंस तर इथेच पडशील.
सरबत घे.
तीन ग्लास प्यालो. पहिल्यांदाच पैसे मागितले तिने.
दिले. सुटे परत केलेन, मोजून.
लादी कुठे ठेवू?
सावलीत ठेव. संध्याकाळी शाळा सुटते.

निघताना आरशात बघितलं,
ती टोच्या शोधत होती.
गोणपाटाखालून पाणी निघालं होतं,
रस्ता ओलांडून
फुटलेल्या डांबरातल्या गवताकडे चाललं होतं,
थेंब थेंब.
म्हणजे तासच झाला होता.