घणसोली ते नेरूळ, चार्जर लावून

गाडीचा टेप कॅसेटच्या काळातला,
प्लेअर काडेपेटीएवढा,
आणि दोघांची सोयरीक जुळवायची मला.

नेरूळ स्टेशनजवळ जोजीच्या दुकानात
एक खोटी कॅसेट मिळाली.
आत फीत नाही, पोटातून निघालेली वायर
उंदराच्या शेपटीसारखी बाहेर लोंबणारी.
"त्याला फसवायचं," जोजी म्हणाला.
"त्याला वाटलं पाहिजे, आपण फीतच वाचतोय."
एकशे ऐंशी सांगितले, दीडशे घेतले.

पहिल्यांदा टेपनं ती थुंकून टाकली.
दुसऱ्यांदा गिळली, आणि दर चार मिनिटांनी
खट्ट करून बाजू बदलू लागला,
जिला बाजूच नव्हती तिची.
शेवटी पार्किंगच्या पावतीची घडी सारली फटीत.
प्लेअरचा आवाज पाऊण, टेपचा अर्धा.
याहून वर नेलं की गाणारा
पत्र्याच्या पिंपात बसून गातोय असं वाटतं.

आज मागच्या सीटवर बामी आत्या.
मोतीबिंदू पिकलाय, नेरूळला डोळे दाखवायचेत.
पाय वर घेऊन बसलीय,
चपला पिशवीत,
चोरीला जातील म्हणून. चालत्या गाडीतून.

घणसोलीतल्या किती हळदी, किती मांडव
हिच्या घशातून पार पडले असतील.
जोडीला पदूबाई.
एकीनं धवल्याची ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची,
मधे सुईला जागा नाही.
पदूबाई आता मुलाकडे उलव्याला, अकराव्या मजल्यावर.
लिफ्टची भीती वाटते, म्हणून खाली येत नाही.

हर्षलच्या हळदीला आत्या एकटीच गायली.
प्लेअर माझ्या खिशात चालू होता,
तिला न विचारता.

कोपरखैरणं मागे पडलं तेव्हा लावला.
"यो कोन?" आत्या म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "हितं दम तुटला माजा.
त्या निराचा पोर रडत व्हता, आयकू येतंय बग."

वाशीला बॅटरीची शेवटची काडी लुकलुकायला लागली.
लायटरच्या भोकात चार्जर खुपसला,
आणि सुरू झाली ती शीऽऽऽ.
पाय दाबला की चढणारी, सिग्नलला उतरणारी,
आत्याच्या गाण्याला मागून चिकटलेली.
जोजीनं बजावलं होतं, अर्थिंगचा दोष आहे.
चार्जिंग तरी कर, नाही तर गाणं तरी ऐक.

मी हात पुढे केला चार्जर उपटायला.

"ऱ्हावदे."
"आत्या, तो गाडीचा आवाज येतोय, वायरीतून."
"गारीचा का."
आरशात पाहिलं, डोळे मिटलेले.
"ऱ्हावदे. झील बरी धरतंय."

पाम बीचवर आलो. डावीकडं इमारती,
उजवीकडं खाजण, आणि उन्हात पांढरी पडलेली खाडी,
जी तिला आता एक धूसर फडकं दिसत असणार.
"जरा दाब," ती म्हणाली. "वर ने तिला."
साठाला कॅमेरा आहे, आत्या.
मी अठ्ठावन्नवर धरून ठेवली.
शीऽऽऽ वर गेली, थांबली,
आणि मागच्या सीटवरून, प्लेअरमधल्या बाईच्या
अर्धी ओळ पुढे,
खरी बाई सुरू झाली.

तिसरी कोण, दुसरी कोण, मला धड कळेना.
सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोरानं काच खाली केली,
आमच्याकडं बघितलं, परत वर केली.

सीवूड्सला तिनं विचारलं,
"यो डबा अकराव्या मालयावं जाईल का?"
जाईल की. खिशात मावतो.
"आनी गारी?"
गाडी कशी जाणार, आत्या?

ती विचारात पडली. पुलाचा चढ आला,
शीऽऽऽ पुन्हा वर.

"मंग तिलाच खाली यावाला सांग,"
असं म्हणून पिशवीतून चपला काढल्या,
एक सापडली, दुसरी सापडेना,
आणि नेरूळ आलं.