तीन वेढे

भिलवडीत, पारूबाई कोष्टींच्या गिरणीवर
चिंचेची एक फांदी कैक वर्षं ओणवी.
ती आज उतरवायची. पाडायची नव्हे, उतरवायची:
ह्या दोन शब्दांमधल्या फटीत
आमचं सगळं पोट आहे.

इलाही वर, बेचक्यात पाय रोवून, करवत दातात धरल्यासारखा गप्प.
तातोबा खाली, पालथ्या घमेल्यावर बसून तंबाखू मळत.
आणि दोराचं शेपूट माझ्या हातात,
पहिल्यांदाच.

दोर फांदीच्या गळ्यातून निघतो,
वरच्या बेचक्यावरून वळतो,
खाली येऊन बुंध्याभोवती फिरतो
आणि मग माझ्याकडे.
किती वेळा फिरतो, एवढाच प्रश्न.

"एक वेढा म्हंजे फांदी खाली, तू वर,
मधी रामराम."
दोन कोवळ्या डहाळीला.
तीन असल्या मांडीएवढ्या फांदीला.
चार घेतलेस तर दोर बुंध्याला चावून बसतो,
फांदी अधांतरी गिरक्या घेत राहते
आणि ज्याचं घर जवळ त्याची कौलं जातात.
दव असेल तर अजून अर्धा.
निलगिरीवर एक जादा, ती गुळगुळीत, तिचा भरवसा नाही.
चिंच खरबरीत. चिंच माणसासारखी धरते.

तातोबांच्या उजव्या तळव्यावर एक रेघ आहे,
कुठल्या ज्योतिषाला न लागणारी.
अंकलखोपच्या जांभळीनं ओढलेली.
दोनच वेढे घेतले होते, नायलॉन मुठीतून पळाला.
"सोडायला पायजे हुतं. न्हाई सोडला."
खाली त्या वेळी कोण उभं होतं,
ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गिरणी चालूच. बंद करा म्हटलं तर पारूबाई
पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया चढवून म्हणाल्या,
"फांदी थांबंल बाबा. शाळूचं चार डबं हायत रांगेत, ते न्हाईत थांबायचं."
आणि मला तर शिकवलेलं:
दोर डोळ्यानं नाही, कानानं धरायचा.
पट्ट्याच्या घरघरीत कान काय करणार.

इलाहीची हाक. कडाड.
भार आला.
मी दंड ताणून, दात आवळून उभा, खुळ्यासारखा,
पण तो माझ्याकडे आलाच नाही. बुंध्यानं घेतला.
मला मिळाला फक्त एक ओढा,
दाव्याला वासरू ओढतं तेवढा.
चिंच आपली फांदी आपणच धरून होती.
मी नुसता विचारत होतो, आता किती?

थोडा सोडला. हलेना.
अजून सोडला. हलेना.
मग एकदम हातभर घसरला, मी दचकून आवळला,
फांदीनं हिसका खाल्ला, अख्खं झाड शहारलं,
पत्र्यावर पाल्याची नखं ओरखडत गेली.
वरनं इलाहीची शिवी.

तेवढ्यात अकराला जाणारी लाईट गेली.
गिरणी, पलीकडची मोटर, कुणाचा तरी टीव्ही,
सगळं जमिनीत मुरलं.
आणि दोर ऐकू आला:
कुर्र, कुर्र,
कोऱ्या वहाणा घालून कुणी बोळातून सावकाश येतंय तसा.

"हां," तातोबा. मळणं थांबलेलं.
"ह्योच सूर. वर चढला तर सालीतनं धूर निघंल,
मुका झाला तर आडाकला म्हणून समज."

मी मुठी उघडल्या नाहीत.
मिटल्याही नाहीत.

डबे ठेवून माणसं बाहेर आली, माना वर करून उभी.
फांदी आली,
गाभुळलेल्या चिंचांसकट, कावळ्याच्या रिकाम्या घरट्यासकट,
पत्र्याला वळसा घालून
पोत्यांच्या शेजारी टेकली.
टेकल्याचा आवाजही झाला नाही म्हणावं तर झाला,
पानांचा, थोडासा.

पारूबाईंनी वाकून एक चिंच तोडली,
एक डोळा मिटला, काही बोलल्या नाहीत.

मी बुंध्याकडे गेलो.
दोर फिरला होता तिथं साल चकाकत होती,
तीन रिंगा. बोट लावलं.
ऊन होत्या. तापल्या भाकरीच्या कडेइतक्या.

"शेकत काय बसलास," तातोबा म्हणाले,
"अजून दोन फांद्या हायत.
दव वाळलं. अर्धा वेढा काढ."