पिन

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या पोत्यांकडं पाठ करून
माझं टेबल.
इंगवले वहिनी गंगावेशीतनं चालत आल्या,
रुमालाची गाठ सोडली: "पोराचं पेन हाय.
अभ्यासाचं म्हणतोय. चार्जिंगच धरंना झालंय."

पेन. बरं.
वायर लावली. लाल दिवा तीनदा मिचकला
आणि गेला.

कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट,
आट्यांतनं फिरवला.
काळपट, चिकट काहीतरी निघालं
आणि आंब्याचा वास, ऐन पौषात.
"शाई गोड असती व्हय?" वहिनी म्हणाल्या.

मधली पिन दबून खाली बसलेली.
कुणीतरी दातओठ खाऊन पिळलं असणार.
गोधडीच्या सुईनं ती केसभर वर घेतली,
केसभरच, जास्त ओढली की संपलं.

माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत होती.
हात कितीदा धुतले तरी
भाकरीला तो वास यायचाच.
आम्हाला वाटायचं, भाकरीचाच वास तो.

पुन्हा लावलं. लाल दिवा आता ठाम.
"हिरवा व्हायला तास जाईल."
"मग मी बसतो हितंच," म्हणाल्या,
आणि पिशवीतली मेथी काढून निवडायला लागल्या.

मी दोनदा तोंड उघडलं.
एकदा कुणी स्क्रीनगार्ड मागायला आलं.
दुसऱ्यांदा कुणीच आलं नव्हतं.

हिरवा झाला.
"किती द्यायचं?"
"पैसे पोराकडनं घेतो. त्यालाच धाडा,
एकट्याला."

त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिलो.
मग पेन ड्रॉवरात टाकलं,
पिन अंगठ्याच्या नखानं
परत खाली दाबून.