पंचवीस इंच

टेप शिलाईच्या डब्यातला होता, पिवळा, एका टोकाला चुरगळलेला.
चिपळूणच्या शोरूममध्ये पर्समधून काढला
तेव्हा सेल्समन पाटणे हसला.
मॅडम, लोक मायलेज विचारतात, सनरूफ विचारतात,
सीटची जमिनीपासून उंची कोणी मोजत नाही.

त्याआधी पंधरा दिवस घरात गाडी नव्हती,
पण गाडीवरून भांडण होतं.
हरेशला जहाजावरून मोठीच हवी होती,
काळी, पायरीवर पाय देऊन चढायची.
"रस्त्यावर वचक पाहिजे."
रस्ता कुठला? आमची वाट,
दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे
आणि वळणावर सुभेदारांचा फणस, सात इंच पुढे आलेला.
वचक त्या फणसाला दाखव म्हटलं,
तर रेंज गेली. का त्यानेच घालवली.

विश्राम भावोजींना आठ सीटवाली.
शिमग्याला सगळे येतात, एकाच गाडीतून पालखीला जाऊ.
मी हिशेब केला: वर्षाचे नऊ दिवस आठ माणसं.
उरलेले तीनशे छप्पन
मी, मुलगी, मामंजी, आणि मागे बर्फाची पेटी.
रिकाम्या सीटलाही पेट्रोल लागतं हो, भावोजी.

आणि मला, खरं सांगते,
ती लांबट बसकी आवडली होती.
डिकी अशी की सुरमईचे दोन क्रेट आडवे मावतील,
चालायला तर पाणी कापल्यासारखी.
पाटणे ती वेलदूरपर्यंत घेऊन आला.
मीच धोपाव्याच्या धक्क्यावर नेली.
ओहोटी होती, फेरीबोटीची फळी खोल उतरलेली.
तिचं पोट घासलं.
पाटणेनं ऐकू न आल्यासारखं केलं.
मी पण केलं, दोन दिवस.

मामंजी डेरवणहून आल्यापासून
खुब्याचं नाव घेत नाहीत.
'ह्यो' म्हणतात, घरी राहायला आलेल्या पाहुण्यासारखं.
बेचाळीस वर्षं ट्रॉलरच्या काठावरून उडी टाकलेला माणूस
आता खुर्ची निवडून बसतो.
डॉक्टर म्हणाले, गुडघ्यापेक्षा खुबा खाली जायला नको.
पलंगाच्या पायांखाली मी चिरे सारत गेले,
एक काढला, अर्धा घातला,
आणि एका सकाळी ते कोणाचा हात न धरता उठले.
तेव्हा मोजलं. पंचवीस इंच.

काळीचं सीट चौतीस.
बसकीचं एकोणीस. टेप परत एकदा लावला, एकोणीसच.
आठवालीचं सत्तावीस, चाललं असतं,
पण ती फणसापाशी वळेना.
कोपऱ्यात एक उभी होती, कातळाच्या रंगाची,
तिच्याकडे तोवर कोणी बोट दाखवलं नव्हतं.
पंचवीस, वर दोन सूत.

"ही जीप का मोटार?" मामंजींनी विचारलं.
क्रॉसओव्हर, पाटणे म्हणाला, आणि पुढे बरंच काही.
"म्हंजे खाडी," मामंजी म्हणाले.
"खारं नाय, गोडं नाय. मचूळ.
चिंबोरी तिथंच भरते."
पाटणेनं वहीत काहीतरी लिहिलं.

चाकाखाली लिंबू ठेवायचं राहून गेलं.
मुलीने दुसऱ्या दिवशी ठेवलं, मागच्या चाकाच्या मागे,
आणि मी पुढे निघाले.
ते अजून तिथेच वाळतंय.

दार उघडलं. ते पाठमोरे झाले.
मी हात पुढे केला नाही, फार जड गेलं ते.
बसले.
मग एकेक पाय आत घेतला, होडीत घेतात तसा,
आणि म्हणाले, काच खाली कर.

हरेशला फोटो पाठवला. "एवढीशीच?"
उत्तर लिहिलं, खोडलं.

मुद्दाम ओहोटी बघून आम्ही दाभोळला निघालो.
फळीवर चढताना माझा कान गाडीच्या पोटाशी.
काही आवाज नाही.
नुसते मामंजी, कोणी विचारलं नव्हतं तरी,
भरती किती वाजता लागेल ते सांगत होते.