ओल्द्रिखची उशी

उशी धुवायची तर आधी तिची शिवण तपासायची.
एक टाका जरी उसवला असला
तर आंघोळीच्या टबात अख्खा हंस उतरतो,
आणि मग आठवडाभर कॉफीतसुद्धा पिसं.
सासूबाई हे सांगायच्या, जराही न हसता.
आपोलेना त्यांचं नाव.

दोन मुलगे, म्हणून दोन उश्या.
हंस त्यांचेच, तळ्यावरचे, पांढरे, भांडखोर.
हिवाळ्यात शेजारणी टेबलाभोवती बसायच्या,
पिसाच्या दांडीपासून मऊ तेवढं ओढून काढत.
तेव्हा दार उघडायचं नाही. शिंकायचं नाही.
हसायचं तेही बेतानं.
मी नवी सून. पहिल्याच रात्री मला शिंक आली.
उहेर्स्की ब्रोदच्या अर्ध्या म्हाताऱ्या
मला अजून त्या शिंकेवरून ओळखतात.

व्लास्तिमिलची उशी आमच्या पलंगावर झिजली.
ओल्द्रिखची कपाटात राहिली.
तळ्याकाठच्या तुकड्यावरून भांडण झालं ते आमच्याच घरी,
रात्री अकराला.
त्याने कोट उचलला. उशी उचलली नाही.

अकरा वर्षं.
मंगळवारी फोन आला:
ब्रनोच्या इस्पितळात तपासणी आहे,
परतायला उशीर होईल,
एक रात्र टेकू का तुमच्याकडे?
मी हो म्हटलं.
व्लास्तिमिलने मिठाची गुळणी धरली
आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या धार लावायला काढल्या.

कोमट पाणी. लोकरीचा साबण, दोन चमचे,
त्याहून जास्त नको, आत गेलेला फेस निघता निघत नाही.
उशी बुडत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.
दोन्ही हातांनी दाबून धरावी लागते.
बुडबुडे सोडते, वर येते,
पुन्हा दाबायची, पुन्हा वर.
मग एकदम जड होते.
आणि वास येतो,
ओल्या पक्ष्याचा, चिखलाचा, त्या तळ्याचा,
जे आता दोघांपैकी कुणाचंच नाही.

पहिलं पाणी चहासारखं.
दुसरं फिक्या चहासारखं.
चौथं जरा पाण्यासारखं.
पिळायची नाही. मोडलेलं पीस परत फुलत नाही.
टॉवेलात गुंडाळली आणि वर गुडघे रोवून बसले,
माझे साठीचे गुडघे, फरशीवर.

ड्रायरमध्ये नातवाचे टेनिसचे दोन चेंडू टाकले,
म्हणजे पिसं एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत.
धपधप, धपधप, तासभर.
खालच्या मजल्यावरच्या झावाडिलोव्हाबाई वर आल्या:
भिंत पाडताय का?
नाही, म्हटलं, पाहुणा येतोय.

तरी आत गाठी राहिल्याच.
कापडावरून चाचपत, न बघता,
एकेक बोटांनी सोडवली.

संध्याकाळी हाताला कोरडी लागली.
हाताचं ऐकू नये, आपोलेना म्हणायच्या,
गालाला लावावी.
गार लागली तर आत ओल आहे,
आणि ओल राहिली तर उशी आतून कुजते,
बाहेरून वर्षभर कळत नाही.

गार लागली.
मी व्लास्तिमिलपुढे धरली, तू बघ.
त्याने गाल पुढे केला नाही.
"वाळेल तेव्हा वाळेल," म्हणाला, आणि झोपायला गेला.

रात्री दोनला जाग आली तर शेजारची जागा रिकामी.
स्वयंपाकघरात दिवा नव्हता,
रस्त्यावरचा पिवळा उजेड तेवढा,
बाहेर नोव्हेंबर.
काचेच्या दारातून दिसलं:
रेडिएटरपाशी स्टूल, स्टुलावर तो, नुसत्या बनियनवर.
उशी उलटी करत होता,
थोपटत होता, आईसारखीच, कडांपासून मध्याकडे,
पुन्हा ठेवत होता, घड्याळ बघत होता.
मग उचलून गालाला लावली.
बराच वेळ.

मी दार उघडलं नाही.
शिंक येत होती,
ती नाक दाबून धरली.