दुभाषी ही पोस्ट नाही

माझी पोस्ट बेडपॅनची, वर्ग चार.
पण मंगळवारी ओपीडी चौदामधून हाक येते,
"सलामेबाई, तुमच्याकडचं कोणी आलंय."
तुमच्याकडचं म्हणजे जंगलाकडचं.
मी हात धुते, फिनाईलचा वास तसाच राहतो,
आणि दोन भाषांच्या मधोमध जाऊन उभी राहते.

सुगरती धुर्वे. देवलापारच्याही आत दोन कोस.
एसटी मनसरला बिघडली
म्हणून चिठ्ठीच्या रांगेत शेवटून तिसरी.
नवरा बाहेर पिंपळाखाली बसलाय,
बाप्यांनी आत यायचं नसतं असं त्याला वाटतं.
त्यालाही तपासावं लागतं
हे सहा वर्षांत कोणी बोललं नाही.

डॉक्टरीण पोरसवदा, पुण्याकडची. वाईट नाही.
"नळ्या दोन्हीकडून बंद दिसतात.
कधी टीबी झाला होता का, विचारा."
गोंडीत नळीला शब्द असेलही.
मी मेडिकलच्या मागच्या वस्तीत वाढले,
आईची भाषा माझ्या हाती अर्धीच लागली.
म्हणून मी म्हणते, वाट.
तुझ्या वाटेवर झाड आडवं पडलंय.
सुगरती विचारते,
मग उचलत काऊन नाहीत?

"आयव्हीएफ करावं लागेल. ते इथे होत नाही.
रामदासपेठेत होतं. पावणेदोन लाख, एका खेपेला.
आणि एका खेपेत होईलच असं नाही."
मी मनात मोहफुलांच्या टोपल्या मोजू लागते,
एक हंगाम, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा,
आकडा झाडांच्या शेंड्यांवरून निघून जातो.
शेवटी मराठीतच सांगते:
लय लागते, बाई.

ती हसते.
म्हणते, जाऊ ऑपरेशनला गेली
तेव्हा पांढरी जीप थेट गोठ्यापर्यंत आली होती.
परत आणून सोडली. स्टीलचा डबा दिला, वर पैसे.
बंद करायला दारात येतात,
उघडायला कोणाची गाडी नसते का?

डॉक्टरीण पेन थांबवते. "काय म्हणाली?"
"परतीची गाडी किती वाजता, विचारते."

खोटं का बोलले माहीत नाही.
तसलाच डबा माझ्याकडेही आहे.
त्यात मी तुरीची डाळ ठेवते,
झाकण घट्ट बसतं, कीड लागत नाही.

बाहेर आल्यावर ती चिठ्ठी माझ्यापुढे धरते,
काय लिहिलंय, वाच.
वर लिहिलंय, सरस्वती धुर्वे.
खिडकीवरच्या पोराला नीट ऐकू आलं नसेल,
किंवा त्यानं आपल्या परीनं सुधारून दिलं असेल.
आधारावर एक, चिठ्ठीवर एक:
पुढच्या मंगळवारी योजनेच्या टेबलावर
हिला पुन्हा खिडकीकडे पाठवतील,
आणि खिडकी तेव्हा बंद झालेली असेल.

खाडाखोड केल्यास चिठ्ठी बाद,
खाली लाल अक्षरात छापलंय.
रजिस्टरचं पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं.
दोरा पुरत नाही,
मी चिठ्ठीच टेबलाच्या कडेपर्यंत ओढते.
सरस्वतीवर एक सरळ रेघ.
वरच्या जागेत
सु,
ग,
र पुढे जागा संपत येते.
त ला वेलांटी मी बारीक काढते.