सहा मतांनी

सहा मतांनी जिंकलं गावाचं नाव.
सहा. आमच्याकडे एका ताटाभोवती
जेवायला बसतात तेवढी माणसं.

पाटीचं काम माझ्याकडे आलं.
जुनीचे खिळे गंजून तिच्याशी एक झालेले,
हातोडीला दाद देईनात;
शेवटी केटलीभर कढत पाण्यानं सुटले.

तिच्यावरचं नाव एका साहेबाचं.
तो इथे कधी आलाच नाही.
त्याच्या खात्यातली एक होडी आली,
भूमीचं टोक पाहून परतली,
आणि नकाशात कुणी त्याचं नाव ठेवलं.
आम्ही मग जवळपास दोनशे वर्षं त्याला नावं ठेवली
आणि पाकिटावर निमूट तेच लिहिलं.

आता जे आलं ते त्याच्याही आधीचं: उत्कियागविक.
अर्थ मात्र जपून विचारा.
कायान मावशी म्हणते, उत्किक, जमिनीतली मुळं.
ऑगस्टात उकरायची, सीलच्या तेलात बुडवून खायची.
मुळं खणायची जागा, बस्स.
नासुग्राक म्हणतो, छट्! उक्पिक. पांढरं घुबड.
माझ्या बापानं धरलीत इथे, या कड्यावर.
एका 'त'चा आणि 'प'चा प्रश्न,
त्यापायी दोघांचा तीन हिवाळे अबोला.

तो कडाही आता पूर्वीचा नाही.
दर शरदात समुद्र थोडा आत येतो,
बुजलेल्या घरांतून व्हेलच्या फासळ्या बाहेर काढून
वाळूवर मांडून ठेवतो,
जणू विचारतोय, ह्या कुणाच्या?

मार्चमध्ये बायका सीलची कातडी शिवतात,
होडीच्या सांगाड्यावर ओली ताणून बसवतात.
टाका असा की पाणी आत येता कामा नये.
कातडं काही वर्षांनी बदलतं,
सांगाडा पणजोबांचा.
नाव तशीच.
नावही तसंच.

मी 'त' रंगवला. मतपत्रिकेवर तोच होता.
गॅरेजमध्ये, हीटर लावून, तरी रंग घट्ट होत होता.
लावायला बाहेर आलो तेव्हा
सूर्य गेल्याला तेरा दिवस झाले होते.
कपाळावरच्या दिव्यात माझाच श्वास दिसत होता,
आणि खाली नासुग्राक, न बोलावता आलेला,
दोन्ही हातांनी शिडी धरून.

शेवटचा स्क्रू बसला.
मी उतरलो.
त्यानं मान वर केली, टोपीचे कान मागे सारले,
आणि अंधारात अख्खं नाव खणखणीत वाचलं,
'प' लावून.